शेवटचा हात

कडुबा मिस्त्रींना गाडी दाखवायची तर आधी स्वतःचं डोकं थंड करून जावं लागतं, आणि माझं डोकं थंड असण्याचे दिवस वर्षातून चार-पाचच.

हर्सूल सावंगीच्या पुढे, फुलंब्री रोडला डाव्या अंगाला त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. पाटी नाही. कुठल्याशा भंगार ट्रकची ड्रायव्हर सीट दारात मांडलेली, तीच त्यांची खुर्ची. ट्रकच्या वायरिंगचं काम करणारे या रोडला दहा-बारा जण तरी असतील. गाडी दारात उभी राहिली की ते पाना घेऊन धावत येतात. कडुबा मिस्त्री धावत नाहीत. ते बसल्या जागेवरून विचारतात, "शेवटचा हात कुणाचा?"

म्हणजे, गाडी बिघडायच्या आधी तिला शेवटचं कुणी काय केलं होतं. कुणी खोललं, कुणी आवळलं, कुणी बदललं. याचं उत्तर मिळेपर्यंत हा माणूस हत्यारांची पेटी उघडत नाही. आणि खरं उत्तर कुणीच देत नाही. मिस्त्रीकडे येण्याआधी प्रत्येक मालकानं घरी काही ना काही उपद्व्याप केलेला असतो, तो कबूल करायची लाज वाटते. मग मालक म्हणतो, "कुणाचाच नाही, आपोआप बंद पडली." मिस्त्री म्हणतात, "आस्सं." आणि चहा सांगतात. तुमचा माल उन्हात असो, गिऱ्हाईक फोनवर शिव्या घालत असो, हे आपले बशीत फुंकर मारत बसतात.

मी सुदर्शन. शेती भाऊ बघतो, गाडी मी. सहाचाकी, बारा वर्षांची, पण दिसायला नवीन. दिसायला नवीन आहे ती माझ्यामुळे, हे मी चारचौघांत सांगत आलोय. गाडीवर नऊ वर्षांपासून रामकिसन ड्रायव्हर. नऊ वर्षांत त्यानं एकदाही गाडी कुणाला घासली नाही. हे मात्र मी चारचौघांत कधी सांगितलं नाही.

तो फेब्रुवारीतला दिवस. फुलंब्रीच्या अलीकडे अद्रक धुवायची शेड आहे, तिथं गाडी भरली होती. माल सुरतेला जायचा होता. ताडपत्री बांधून झाली, दोर आवळून झाले, रामकिसननं देवीच्या फोटोला हात जोडून किल्ली फिरवली आणि आवाज आला, टक.

बस. नुसतं टक. परत फिरवली, परत टक. इंजिन जागचं हललं नाही.

खरं सांगायचं तर ही कुरकुर दहा दिवसांपासून चालू होती. रामकिसन मला तीनदा बोलला होता, "मालक, सेल्फ जड उचलतोय, एकदा दाखवून घेऊ." सेल्फ म्हणजे किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. मी म्हणालो, बघू. तो गाडी उतारावर लावायला लागला, म्हणजे ढकलून सुरू करता येईल. मला वाटलं, आडोशाला उभी करून झोपा काढतोय. आता शेडच्या सपाट जागेत, पोटात दहा टन अद्रक घेऊन गाडी बसली होती. ती ढकलायची कुणी?

आणि माझ्या डोक्यात एकदम आलं, बॅटऱ्या! दिवाळीला मी दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या होत्या. चार महिन्यांत नवी बॅटरी बसते कशी? एकच कारण. नव्या विकल्या आणि जुन्या टाकल्या. आमच्या धंद्यात असे किस्से रोज ऐकायला मिळतात, कुणाचं डिझेल, कुणाचं टायर, कुणाची बॅटरी. ऐकून ऐकून डोकं नासतं. माझं नासायला फार वेळ लागत नाही.

हमाल उभे, शेतकरी उभे, शेडचा मुनीम उभा. त्या सगळ्यांसमोर मी ओरडलो, "रामकिसन, बॅटऱ्या कुठं विकल्या?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडे बघितलं. त्यानं वाद घातला नाही. किल्ली काढली, बोनटवर ठेवली, म्हणाला, "मालक, पोरांची आण, मी नाय," आणि रोडला जाऊन फुलंब्रीच्या जीपमध्ये बसला.

इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण थांबेल तो मी कसला! आम्हा गाडीमालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दोनशे बारा जणांचा. त्यावर मी रामकिसनचा फोटो टाकला. दसऱ्याचा, हार घातलेल्या गाडीपुढचा. फोटोत आम्ही दोघं होतो, मी स्वतःला कापून टाकलं. खाली लिहिलं, "हा ड्रायव्हर बॅटरी चोर आहे. कुणीही कामाला ठेवू नये." दोन मिनिटांत हात जोडल्याचे, अंगठ्याचे ढीग पडले. फोन खिशात घालताना लक्षात आलं, मी फोटोतून गेलो खरा, पण त्याच्या खांद्यावर ठेवलेला माझा हात तसाच राहिला होता.

या रोडला ड्रायव्हरचं पोट त्याच्या नावावर चालतं. नाव गेलं की कन्नडपासून वाळूजपर्यंत कुणी किल्ली देत नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच टाकलं, इतका मी तापलो होतो.

मग मी गाडीच्या मागे लागलो. एका ओळखीच्या ट्रकवाल्याला थांबवून त्याच्या बॅटऱ्यांवरून माझ्या बॅटऱ्यांना केबल लावली. टक. सेल्फच्या मोटरीवर हातोडीनं ठोकून बघितलं. टक. दुसऱ्याची चांगली बॅटरी लावूनही उचलत नाही, म्हणजे दोष बॅटरीचा नाही, एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मी म्हणालो, चोरानं सेल्फही बदलला. शेवटी साडेअकराला कडुबा मिस्त्रींना फोन केला.

आले ते त्यांच्या जुनाट मोपेडवर, पेटी पुढे पायाशी. साठीचा माणूस, कानाला पेन्सिल, शर्टाला इस्त्री. आले, गाडीला एक फेरी मारली आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"जयभीम शेठ. शेवटचा हात कुणाचा?"

"कुणाचाच नाय मिस्त्री. ड्रायव्हरनं बॅटऱ्या विकल्या. तुम्ही फक्त चालू करून द्या."

"आस्सं." त्यांनी मुनीमाकडं बघितलं. "चहा मिळंल का हो?"

मला वाटलं, डोकं आपटून घ्यावं. शेतकरी माझ्याकडं बघतायत, सुरतेचा व्यापारी चौथ्यांदा फोन करतोय, आणि हा माणूस चहा पितोय. मी म्हणालो, "मिस्त्री, गाडी बघा की! माल काय चहावर पोचणारय का?"

"बघतोच हाय," ते म्हणाले. "वर चढा. लाइट लावा. आता किल्ली मारा."

टक.

"लाइट मंद झाली का?"

"नाय."

"परत मारा. भोंगा वाजवत मारा."

भोंगा असा वाजला की शेडवरची कबुतरं उडाली. किल्लीला मात्र टक. मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. "बॅटरी बसली असती तर किल्लीसरशी लाइट मेली असती. बॅटऱ्या मर्द हायत. गॅरंटीचं कार्ड हाय का तुमच्याकडं?"

कार्डाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. दिवाळीलाच काढून ठेवलेला. मिस्त्री वाकले, बॅटरीवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि नंबर मोठ्यानं वाचला. एकेक आकडा. मी फोनवर बघत होतो. पहिल्या बॅटरीचा सगळा नंबर जुळला. दुसरीचाही जुळला.

हमालांपैकी कुणीतरी घसा खाकरला. माझे कान तापले. पण कबूल करेल तो मी कसला! मी म्हणालो, "मग सेल्फ जाळला असंल त्यानं."

"ड्रायव्हरला इचारलं का?"

"त्या चोराला काय विचारायचं?"

"गाडीवर नऊ वर्सं तो बसतोय. तिला काय व्हतंय ते तुमी सांगणार का त्यो?" असं म्हणून मिस्त्रींनी स्वतःच्या फोनवरून रामकिसनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी हातानं नको नको करत होतो. त्यांनी बघितलंच नाही.

मला वाटलं, रामकिसन शिव्या देईल, निदान फोन तरी कापेल. तो शांतपणे बोलला, आवाज बसलेला होता. "मिस्त्री, सकाळी धरतंय, दुपारी नाय धरत. अन् किल्ली मारली का एक्सलेटरची केबल गरम व्हती. हाताला चटका बसतोय. मी मालकाला सांगितलं व्हतं."

सांगितलं होतं. मी त्याला हसलो होतो, केबल गरम होते म्हणे, उद्या म्हणशील टायरला ताप आला.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. "बास," ते म्हणाले. "रामकिसन, तू लई कामाचं बोललास गड्या." फोन ठेवला आणि पहिल्यांदा पेटी उघडली.

पेटीतून त्यांनी त्यांचा दिवा काढला. इंडिकेटरचा एक साधा बल्ब, त्याला दोन लांब वायरी, बस. या दिव्यावर त्यांनी तीस वर्षं काढलीयत. आधी ते वाळूजला एका कारखान्यात होते, पत्रा दाबायच्या प्रेसवर. एका पाळीला मशीन बंद पडलं. साहेबानं विचारलं, शेवटचा हात कुणाचा? कडुबाचा. झालं, दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड जमा. दोष आधीच्या पाळीतल्या फिटरचा होता, हे पंधरा दिवसांनी उघड झालं, पण तोवर यांच्या जागी दुसरा माणूस लागला होता. मग शहरातल्या एका उस्तादांकडे चार वर्षं वायरिंग शिकले. मला हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. मी चिडून म्हणालो होतो, ज्या प्रश्नानं तुमची नोकरी खाल्ली तोच तुम्ही लोकांना का विचारता? तर म्हणाले, "साहेबानं इचारलं अन् तिथंच थांबला. इचारून मग तपासायचं असतंय."

दिव्याची एक वायर त्यांनी सेल्फवर येणाऱ्या जाड केबलला टेकवली, दुसरी बॅटरीच्या वजा टोकाला. दिवा लागला. "करंट इथवर येतोय." मग पहिली वायर उचलून इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली. "मारा किल्ली."

टक. आणि दिवा भक्कन पेटला.

"हा लागाय नको व्हता," मिस्त्री म्हणाले. "इंजिन अन् वजा टोक एकच पायजे. मधी दिवा लागतोय म्हंजे करंट जातोय, पर परत येत नाय. त्याची परतीची वाट कुणी तरी बंद केलीय. वाट नाय म्हणून त्यो एक्सलेटरच्या केबलीतून पळतोय, म्हणून ती तापती." मग तीच वायर चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, उघड्या बोल्टाला लावून बघितली. किल्ली मारली, दिवा लागला नाही. म्हणजे बॅटरीपासून चेसीपर्यंत ठीक. घोळ चेसी आणि इंजिन यांच्या मधे.

त्या दोघांना जोडणारी एकच वस्तू असते, तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, दोन्हीकडून बोल्टनं आवळलेली. मिस्त्री चादर अंथरून गाडीखाली सरकले, टॉर्च मारला. मग खालूनच आवाज आला.

"लई झाक रंगवलंय हो. पट्टी काळी, बोल्ट काळा, खालचं लोखंड काळं. कुणाचं काम हे?"

मी गाडीजवळून दोन पावलं मागे सरलो.

तीन आठवड्यांपूर्वी गाडीचं पासिंग होतं. पासिंग म्हणजे वर्षाची तपासणी, आणि त्याआधी गाडी नवरीसारखी सजवायची ही आमची रीत. पेंटर लावला होता, पण चेसीचं काम मी स्वतः केलं. दोन दिवस गाडीखाली पडून ब्रश मारला. ती पट्टी गंजकी, हिरवट दिसत होती. माझ्या डोळ्यांना ते सहन होईना. खोलली, पट्टीला रंग दिला, पट्टीच्या खालच्या लोखंडाला दोन हात दिले, वाळल्यावर परत आवळली. वर बोल्टलाही एक हात. रंगातून करंट जात नाही हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण दिसायला झाक पाहिजे होतं. थोडे दिवस बोल्टाच्या आट्यांतून भागलं, मग हादऱ्यांनी तेही सैल झालं.

मिस्त्री बाहेर आले, गुडघे झटकले. हमाल, शेतकरी, मुनीम सगळे गोल करून उभे. आता हे सगळ्यांसमोर बोलणार, असं मला वाटलं. ते बोलले नाहीत. त्यांनी फक्त तोच प्रश्न परत विचारला, आल्यापासून दुसऱ्यांदा, तेवढ्याच सावकाश.

"शेठ, शेवटचा हात कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

"आस्सं." त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "मग तुमीच खरवडा. मी टॉर्च धरतो."

"अहो मिस्त्री, तुम्ही करा की, दोन मिनिटांचं काम..."

"दोनच मिंटाचं हाय. करा."

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि कुणावर काढावा तेही कळत नव्हतं. गाडीच्या टूलबॉक्समधून एकोणीसचा पाना काढला आणि खाली सरकलो. माझा तो सुरेख रंग सुटता सुटेना. दोन मिनिटं कसली, अर्धा तास गेला. घाम डोळ्यात, रंगाचे कण तोंडात. मिस्त्री वरून सांगत होते, अजून काळं दिसतंय, अजून चोळा, लोखंड पांढरं दिसलं पायजे. शेवटी दिसलं. पट्टी बसवली, आवळली, बाहेर आलो, किल्ली मारली.

गाडी पहिल्या सेल्फला उठली. शेतकऱ्यांनी सुस्कारा सोडला.

"आता त्ये ग्रुपवरचं," मिस्त्री म्हणाले. मी विसरलोच होतो, तेही ग्रुपमध्ये आहेत.

मी घाईघाईनं मेसेज पुसून टाकला. "काढला."

"काढून काय व्हतंय? दोनशे जणांनी वाचलंय. वरून रंग दिल्यावानी झालं ते. खरवडा."

मी लिहिलं. चार वेळा लिहून खोडलं. "तांत्रिक बिघाड होता" असं लिहिलं, मिस्त्रींनी चष्म्यातून वाचलं आणि मान हलवली. शेवटी लिहिलं, "बॅटऱ्या जागेवर आहेत. दोष माझ्या हातून झाला होता. रामकिसन नऊ वर्षं माझ्या गाडीवर आहे, त्यानं एक नटही कधी विकला नाही. मी खोटं लिहिलं." पाठवलं आणि फोन पालथा करून ठेवला.

पाच मिनिटांत फोन थरथरायला लागला. मला वाटलं, लोक टोमणे मारत असतील. उघडून बघितलं तर तीन मालकांनी रामकिसनचा नंबर मागितला होता. असा ड्रायव्हर आजकाल मिळतो कुठं! कन्नडच्या विश्वजीतनं तर लिहिलं होतं, "माझं बोलणं झालं त्याच्याशी."

मी गाडीभोवती येरझाऱ्या घालायला लागलो. दीडच्या सुमाराला रामकिसन जीपमधून उतरला. हातात रिकामी पिशवी. मिस्त्री अजून तिथंच होते, मुनीमाकडून दुसरा चहा घेत. रामकिसन त्यांच्याशी बोलला, मला "मालक" एवढंच म्हणाला आणि केबिनमध्ये चढला. चादर घडी घातली, देवीचा फोटो काढून पुसला, स्टोव्ह पिशवीत घातला.

मी खाली उभा. मला माफी मागता येत नाही, घरच्यांचीही कधी मागितली नाही. पण तेव्हा मागितली. म्हणालो, "रामकिसन, चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर सांगतो, चुकलं. राहा."

त्यानं पिशवी सीटवर टेकवली. मग म्हणाला, "घरवाली म्हनत व्हती, तिथं परत जाऊ नका. मी म्हनलं, मालक तापट हाय, पर मनात ठेवत नाय." त्यानं देवीचा फोटो परत जागेवर टेकवला. चादर सीटवर ठेवली. "सुरतेला किती वाजेस्तवर पोचायचंय?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. हात-पाय हलके झाले. लगबगीनं टूलबॉक्सकडं गेलो, म्हटलं निघायच्या आधी सगळं जागेवर आहे का बघावं. बारा-तेरा होता, चौदा-पंधरा होता. एकोणीसचा नव्हता.

"रामकिसन," मी खालूनच म्हणालो, "एकोणीसचा पाना कुठं गेला रे?"

मी वर बघितलं. रामकिसन माझ्याकडं बघत नव्हता. तो माझ्या पँटच्या उजव्या खिशाकडं बघत होता. खिशातून पान्याचं टोक वर आलं होतं, त्याला काळा रंग लागलेला.

त्यानं देवीचा फोटो परत काढला. चादर उचलली. पिशवी घेऊन खाली उतरला, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तिसरा गेर जरा दाबून टाका मालक, उतारावर सुटतो." मग रोड ओलांडून पलीकडे जाऊन कन्नडच्या गाडीची वाट बघत उभा राहिला.

मिस्त्री मोपेडला पेटी बांधत होते. त्यांनी या वेळी मला काहीच विचारलं नाही.

जड गाडीचं लायसन माझ्याकडंही आहे. मी वर चढून त्याच्या जागेवर बसलो आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या सेल्फला उठली.